मुठेलाचे सात गोळे

इनास गेल्याचा फोन आला तेव्हा मी हातमोजे घालत होते. दुपारचे साडेबारा वाजले असतील. पुण्यातल्या आमच्या प्रयोगशाळेत फोन बाहेरच्या कप्प्यात ठेवायचा नियम आहे, तो त्या दिवशी मी पाळला नव्हता. मालवणजवळच्या कट्ट्याहून, म्हणजे माझ्या गावाहून, थोरल्या भावाचा फोन होता. दादा म्हणाला, "गो, इनास गेलो. सकाळी दुकान उघडताना छातीत कळ इली, थंयच बसलो तो." मी विचारलं, "खंयचो इनास?" अख्ख्या मालवणात मला एकच इनास माहीत होता, आणि त्याला विसरायची माझी सात वर्षं खटपट चालली होती. तरी मी विचारलं, खंयचो! दादा चिडलाच. "खंयचो म्हणजे? तुमच्या लॅबातलो. घड्याळवालो." फोन ठेवला तेव्हा एका हातात मोजा चढवलेला होता आणि दुसरा मोजा बोटांत लोंबत होता. मी त्या मोज्याकडे बघत राहिले... कारण मोजा चढवताना आपली बोटं त्याला कुठे लागतात, एवढ्याशा गोष्टीवरून मी एका चांगल्या माणसाचं नाव मातीत घातलं होतं. ते सांगायला हे लिहिते आहे. स्मृतिलेखात लिहिणाऱ्याने स्वतःबद्दल फार बोलू नये म्हणतात. माझा इलाज नाही.

मी त्याला 'तो' म्हणते आहे. माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठा, पण आमच्या मालवणीत अहोजाहोचं फारसं कौतुक नाही. मालवणच्या बाजारात त्याच्या वडिलांचं घड्याळदुरुस्तीचं खोपटाएवढं दुकान. वडील गेल्यावर, मोबाइल आले नि घड्याळं कमी झाली तेव्हा इनास पुण्यात बहिणीकडे आला आणि कंत्राटी मदतनीस म्हणून आमच्याकडे लागला. आमची ओळख झाली ती त्याच्या शिव्यांमुळे. मी नवीन रुजू झाले होते, आणि हवा काढायच्या पंपापाशी बसून कोणीतरी त्या पंपाला म्हणत होतं, "मेल्या, कित्याक रडतंस? खाऊक घातलंय मा तुका?" पुण्यात, त्या पांढऱ्या टाइल्सच्या खोलीत, मालवणी! मी जवळजवळ धावतच गेले. "खंयचे तुम्ही?" त्याने वर पाहिलं. तेल लावून चापून बसवलेला काळाभोर भांग, डोळ्याला घड्याळजीचं भिंग. म्हणाला, "मालवणचो. आणि तू गो बाय?" कट्ट्याची म्हटल्यावर हसला. "म्हणजे आमच्या वाटेवरचीच." त्या दिवसापासून लोकांसमोर मी मॅडम आणि दोघंच असलो की बाय.

आमचं काम काय, ते थोडक्यात सांगते, कारण त्याशिवाय माझा गुन्हा कळणार नाही. कोणत्याही रेणूतले अणू सतत थरथरत असतात. त्यांच्यावर लेझरचा प्रकाश टाकला की परतणाऱ्या प्रकाशाचा रंग त्या थरथरीने किंचित बदलतो. तो बदल कागदावर रेषांच्या रूपात उमटतो आणि रेषा कुठे आल्या यावरून रेणू कोणता ते ओळखता येतं. अब्जावधी रेणू असतील तर हे सोपं. आम्हाला मात्र सोन्याच्या गुळगुळीत पत्र्यावर बसलेल्या एकाच रेणूची थरथर पाहायची होती. त्यासाठी चांदीची तार आम्लात झिजवून तिला असं टोक काढायचं की शेवटाला मोजके अणू उरावेत, आणि ते टोक रेणूच्या अगदी डोक्यावर आणून धरायचं, म्हणजे प्रकाश तेवढ्याच जागेत एकवटतो. हे टोक, आमच्या भाषेत टिप, काढणं म्हणजे निव्वळ हातचं काम. आम्ही शिकलेली माणसं दहा तारा झिजवायचो तेव्हा एखादी जमायची. इनास भिंग लावून बसायचा, तारेची मान बारीक होत आली की श्वास धरायचा आणि नेमक्या क्षणी बटण दाबायचा. दहातल्या सहा-सात हमखास. मी त्याला रेणूंचं सगळं समजावून सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे घड्याळ कानाक लावल्यासारख्याच मा गो? चाक दिसाक नाय, पण खंयच्या चाकाक दुखता तां कळता." एवढ्या वर्षांत इतकं सोपं मला कोणाला सांगता आलेलं नाही, आणि व्याख्यानांत मी त्याचं वाक्य माझं म्हणून वापरत आले आहे. तेही आजच कबूल करते.

आता मुठेल. आमच्याकडे रातांब्याच्या, म्हणजे कोकमाच्या बिया वाळवून, कुटून, पाण्यात उकळतात. थंड झालं की वर लोण्यासारखा थर धरतो, तो मुठीत दाबून त्याचे गोळे करतात. मुठीतलं तेल म्हणून मुठेल. दगडासारखं घट्ट असतं, पण अंगावर घासलं की विरघळतं. ओठ फुटले, टाचा भेगाळल्या, हात खरखरले की आमच्या घरांत दुसरं औषध नाही. इनासच्या परसात रातांब्याची दोन झाडं होती. मे महिन्यात सुट्टीवर गेला की तो स्वतः मुठेल करायचा आणि येताना माझ्यासाठी एक गोळा आणायचा. लहानपणी दारात चेंगरून त्याचं मधलं बोट वाकडं झालेलं होतं, त्यामुळे त्याच्या गोळ्यावर चार बोटांच्या खाचांतली एक तिरकी असायची. प्रयोगशाळेतली हवा मुद्दाम कोरडी ठेवलेली, माझे ओठ नि बोटं कायम फुटलेली. गोळा माझ्या टेबलाच्या खणात असायचा. दिवसातून चार वेळा ओठांवर घासायची, बोटं एकमेकांवर चोळायची, मग मोजे चढवायचे आणि आत जायचं.

वाचणाऱ्यांच्या एव्हाना लक्षात आलं असेल. माझ्या आलं नाही. मी डॉक्टरेट मिळवलेली बाई!

आम्ही मुद्दाम असा रेणू निवडला होता की ज्यात हायड्रोजनचा एकही अणू नाही. आणि आमच्या कागदावर, खालच्या मोजपट्टीवर दोन हजार नऊशेच्या जरा अलीकडे, कार्बन-हायड्रोजनच्या रेषा यायला लागल्या. म्हणजे कुठलातरी उपरा, तेलकट रेणू येऊन टोकाला चिकटत होता. कधी यायच्या, कधी जायच्या, लुकलुकायच्या. चार महिने गेले. माझ्या कायम होण्याचा निर्णय याच कामावर होता आणि बाहेरून तिघांची समिती तपासणीला आली होती. त्यातल्या एकाने कागदावर बोट ठेवून विचारलं, ही घाण कुठून येते? सर, म्हणजे आमच्या गटाचे प्रमुख, माझ्याकडे बघायला लागले. खोलीत विद्यार्थी होते. इनास दाराशी उभा होता, समितीला दाखवायला तारांची पेटी घेऊन. आणि मी म्हणाले, "टिप्स हा बनवतो. डोक्याला खोबरेल चोपडून येतो, कितीदा सांगितलं तरी ऐकत नाही. यांना स्वच्छतेचं काही कळत नाही, सर."

कितीदा सांगितलं! एकदाही सांगितलं नव्हतं. आणि 'यांना' म्हणजे कोणाला गो? कट्टा ते मालवण असं कितीसं अंतर आहे? समितीतलं कोणीतरी हसलं. इनासने पेटी टेबलावर ठेवली आणि स्वतःच्या हातांकडे पाहिलं, एकदा तळवे, एकदा उलटे. मला वाटलं, बरं झालं, वेळ निभावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो डोकं तासून आला. पूर्ण. तो भांग त्याचा अभिमान होता हो, खिशात कंगवा असायचा, पंपाच्या चकचकीत झाकणात बघून केस बसवायचा आणि आम्ही त्याला त्यावरून चिडवायचो. प्रत्येकजण विचारत होता, अरे, कोण गेलं घरातलं? तो म्हणायचा, "कोण नाय. उकाडो." ख्रिस्ती माणूस, त्याच्याकडे सुतकात डोकं करायची रीत नाही, तरी दिवसभर लोक त्याला हळहळून विचारत राहिले आणि तो तेच उत्तर देत राहिला. माझ्यासमोर आला तेव्हा म्हणाला, "आता बघा, मॅडम." आम्ही दोघंच होतो तेव्हा, आणि तो मॅडम म्हणाला. मी मोजे घातले, त्याने नुकतीच काढून दिलेली टिप बसवली, लेझर लावला. रेषा तिथेच होत्या... त्याच जागी, तितक्याच उंच. तासलेलं डोकं घेऊन तो माझ्या मागे उभा राहून पडद्याकडे बघत होता. मी काय म्हणावं? "हातांवर राहत असेल." हे म्हणाले मी. त्या घडीला मला पुरतं कळलं होतं की तेल त्याचं नाही. कुणाचं ते कळलं नव्हतं, पण त्याचं नाही हे कळलं होतं. पहिल्या दिवसाची चूक होती, धरून चाला. दुसऱ्या दिवसाची चूक नव्हती.

सरांनी त्याला टिप्सच्या खोलीतून काढून सामानाच्या खोलीत टाकलं. मार्चमध्ये कंत्राट संपलं, ते पुढे वाढलं नाही. कोणी मला विचारलंही नाही आणि मी आपण होऊन सांगितलंही नाही. तो गेला त्या दिवशी मी रजेवर होते. मुद्दाम.

पुढे काय झालं ते ऐका. खणातला गोळा एप्रिलमध्ये संपला. नवा आणून देणारा मालवणला जाऊन बसलेला. महिन्याभरात आमच्या रेषा गेल्या! लख्ख कागद यायला लागले. सर सगळ्यांसमोर म्हणाले, "बघा, माणूस गेला आणि घाण गेली." सगळे माना डोलवत होते, मीही डोलवली. शोधनिबंध लिहिला, मी कायम झाले. मग जूनमध्ये आईने कट्ट्याच्या बाजारातून घेतलेलं मुठेल पाठवलं, मी ओठांना लावलं, आणि चौथ्या दिवशी रेषा परत हजर. मग सगळे जेवायला गेल्यावर सोन्याच्या कोऱ्या पत्र्यावर मुठेलाचं बोट फिरवलं आणि साध्या लेझर-सूक्ष्मदर्शकाखाली त्याचा कागद काढला. जुने कागद शेजारी ठेवले. रेषेला रेष जुळत होती. इतकंच काय, सोळाशे पन्नासच्या पुढे एक लहानशी रेष होती, जी खोबरेलात जवळजवळ येतच नाही आणि मुठेलात येते. ती आमच्या प्रत्येक जुन्या कागदावर होती. एम.एस्सी.च्या मुलीने दाखवली असती. मी तिच्याकडे पाहिलंच नव्हतं, कारण डोक्याला तेल लावणारा माणूस माझ्या समोर आयता उभा होता. मोजा चढवताना मुठेलाची बोटं मोज्याला बाहेरून लागायची, आणि मोज्यावरचं तेल टिपच्या दांडीला. बस, एवढंच होतं.

त्या दुपारचा कागद मी फाडून टाकला. गोळा घरी नेला. सरांना सांगितलं, हातमोज्यांचा ब्रँड बदलला होता, आता पूर्ववत केला. निबंध छापून आला. त्यात टिप्स कशा काढल्या त्याचा एक अख्खा परिच्छेद आहे, इनासच्या हातच्या एकेका हालचालीचा, आणि आभारांत त्याचं नाव नाही. शी!

गेल्या वर्षी दिवाळीत घरी गेले होते, तेव्हा मनाचा हिय्या करून मालवणला त्याच्या दुकानात गेले. आता दुकानात मोबाइलची कव्हरंच जास्त, घड्याळं एका कोपऱ्यात. केस परत वाढलेले, पण पिकलेले. "या मॅडम, बसा." मी मनगटावरचं घड्याळ काढून दिलं. म्हटलं, "बंद पडलंय, सेल बदल." त्याने भिंग चढवलं, झाकण उघडलं, आत पाहिलं, मग घड्याळ कानाला लावलं. बराच वेळ. मग म्हणाला, "मॅडम, ह्यां तर चलता. सेल पण बरो आसा." त्याने भिंग काढून बाजूला ठेवलं, दोन्ही हात काचेवर ठेवले आणि म्हणाला, "मगे कित्याक इलास?" आवाजात राग नव्हता. वाट बघत होता तो. समोर रस्त्यावरून कोळंबीची पाटी घेतलेली बाई ओरडत गेली, एक गिऱ्हाईक येऊन भाव विचारून गेलं... तो तसाच बसून होता. मी म्हणाले, "सहज. इकडून जात होते." त्याने मान हलवली. "सहज," म्हणाला. झाकण बसवलं, काच फडक्याने पुसली, घड्याळ माझ्या हातात दिलं. "बेगीन जावा, कट्ट्याची गाडी चुकतली." तीच शेवटची भेट.

त्याला जाऊन महिना झाला तेव्हा चर्चमध्ये त्याच्यासाठी मीस, म्हणजे प्रार्थना होती, तिला गेले. देवळात मागच्या बाकावर बसले, फादरच्या प्रवचनातलं एक अक्षर कानात गेलं नाही. मग घरी. इनासची बायको, फिलू वहिनी, तिला मी पूर्वी दोनदाच भेटले होते. पाव्हणे पांगल्यावर तिने मला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं आणि फडताळातून बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा काढून माझ्या पुढ्यात ठेवला. झाकण निघेना, तिने सुरीने उचकटलं. आत मुठेलाचे गोळे होते. वहिनीने एकेक करून बाहेर मांडले. सात. जुने पांढुरके पडलेले, अलीकडचे पिवळसर. प्रत्येकावर चार बोटांच्या खाचा, आणि त्यातली एक तिरकी.

वहिनी म्हणाली, "दर मे म्हयन्यात सगळ्यांका वाटी आणि एक हयसर ठेयी. मी म्हणी, अरे, बायक धाड मा. तर म्हणी, नको, ती तां बोटाक लावन मशीनाक हात लायता. तिका म्हायती आसा. ती येतली आणि माका सांगतली, मगे देतलंय." मग माझ्या तोंडाकडे बघून तिने अगदी सरळपणे विचारलं, "दिवाळीत तू दुकानाक इल्लंस मा गो? तेका सांगलंस काय तां? सांगलंस आसात तर घे, तुझीच आसत."

त्याला माहीत होतं. कधीपासून? डोकं तासून माझ्या मागे उभा होता तेव्हापासून, की गेल्यावर घरी बसून विचार करताना कळलं, ते आता कोण सांगणार? पण त्याला माहीत होतं, आणि सरांना एक चिठ्ठी टाकून तो माझी नोकरी घालवू शकला असता. त्याने चिठ्ठी टाकली नाही. पण म्हणून त्याने मला माफ केलं होतं, असं समजून मी रडू नये. गोळे देत नव्हता ना तो! तो फक्त मी येऊन बोलायची वाट बघत होता, वर्षाला एक मूठ बाजूला ठेवून, आणि मी चालू घड्याळ घेऊन गेले.

मी वहिनीला म्हणाले, "नाय सांगलंय." आणि मग पाटावर बसून सगळं सांगितलं. समिती, खोबरेल, 'यांना कळत नाही', जूनचा तो कागद, सगळं. माझ्या मराठीचं मालवणी होत होतं, मालवणीचं मराठी. डोकं का तासलं होतं ते सांगितलं तेव्हा वहिनी म्हणाली, "माका सांगलेलो, उवा झालेल्यो." झालं. मग तिने गोळे उचलून एकेक परत डब्यात ठेवायला सुरुवात केली. शेवटचा, या मे महिन्यातला, माझ्यासमोर होता. मी तो हातात घेतला. अंगठ्याच्या खळग्यात माझा अंगठा सैल बसला, भोवती जागा उरली. वहिनीने हात पुढे केला आणि तो माझ्या मुठीतून सोडवून घेतला.

"माका सांगान काय उपेग?" ती म्हणाली. "जेंच्यासमोर बोललंस, तेंका सांग. तेंका आजून वाटता, माझो घोव घाणेरडो होतो म्हणान."

ती बरोबर बोलली. सरांना मी पत्र लिहिलं आहे. निबंध जिथे छापला त्या नियतकालिकालाही लिहिलं आहे, त्या तारा कोणी काढल्या आणि ती घाण कोणाच्या बोटांची होती ते. त्यांचं काय ते होईल. पण त्या दिवशी खोलीत जे विद्यार्थी होते ते आता गावोगाव पांगलेत, कोणी कुठे शिकवतं, कोणी कुठे, आणि त्यांच्यातले पुष्कळजण रविवारची ही पुरवणी वाचतात. म्हणून इथे लिहिते. इनासच्या हातांना काही लागलेलं नव्हतं. माझ्या हातांना होतं.

पुरवणी छापून आली की ती घेऊन मी मालवणला जाणार आहे. वहिनीला वाचायला जड जातं, मी वाचून दाखवीन, हा परिच्छेदसुद्धा. डबा फडताळात वरच्या फळीवर आहे, झाकण परत घट्ट बसवलेलं. तिने तो काढला तर काढला. नाही काढला तर पुढच्या रविवारी पुन्हा जाईन.